म्हसवडच्या बायकांची बँक

१९९०च्या दशकाच्या मध्यावर म्हसवडमध्ये लोहारकाम आणि वेल्डिंग करणाऱ्या एका बाईला बचत खातं उघडायचं होतं. तिचा संसार रस्त्याकडेला उघड्यावर होता. पावसाळ्याआधी डोक्यावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा, आणि त्यासाठी रोजच्या कमाईतले थोडे पैसे कुठेतरी सुरक्षित ठेवायचे, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिला कर्ज नको होतं, अनुदानही नको होतं. तरी बँकांनी तिला परत पाठवलं. इतक्या किरकोळ रकमेचं खातं सांभाळणं त्यांना परवडणारं नव्हतं. मग ती गावातल्या कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्याकडे गेली. सिन्हा यांनी ही हकीकत पुढे अनेक ठिकाणी सांगितली आहे, २०१८ सालच्या टेडच्या भाषणातही. माणदेशी महिला सहकारी बँकेची सुरुवात त्या इथूनच धरतात.

अर्थात एका बाईला खातं नाकारलं गेलं म्हणून बँक उभी राहत नाही. त्यामागे माणदेशाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास होता, बायकांच्या हातात नुकताच येऊ लागलेला रोख पैसा होता आणि दिल्ली-मुंबईत बदललेली धोरणंही होती. १९९७ साली हे सगळं म्हसवडमध्ये एकत्र आलं.

म्हसवड ज्यात येतं तो माण हा सातारा जिल्ह्याच्या पूर्वेचा तालुका. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथे पोचेपर्यंत ओसरलेला असतो. महाबळेश्वर आणि म्हसवड एकाच जिल्ह्यात आहेत, पण एकीकडे धो-धो पाऊस आणि दुसरीकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती, शेळ्या-मेंढ्या, धनगरांची घोंगडी आणि खिलार बैल यांवर इथला संसार चालायचा. १८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने माणगंगा नदीवर राजेवाडीचा मोठा तलाव बांधला, तरी तालुक्याची तहान भागली नाही. पाऊस हुकला की माणसं मुंबईची वाट धरत. गिरण्यांच्या खात्यांत आणि मशीद बंदरच्या गोदामांत सातारा जिल्ह्यातल्या पुरुषांच्या पिढ्या राबल्या. गावाकडचं शेत, जनावरं, म्हातारी माणसं आणि पोरं बायकांवर सोडलेली असत. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि मोठ्या संख्येने बेकार झाले. दरमहा येणारी मनीऑर्डर बंद पडली, तेव्हा अशा घरांत बाईची कमाई हाच एकमेव आधार उरला.

ही कमाई रोखीची होती. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना सुरू केली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. बंडिंगच्या, पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर बायका मोठ्या संख्येने गेल्या. मजुरीचे पैसे त्यांच्या स्वतःच्या हातात पडू लागले. त्याआधीही बाई भाजी विकत होती, कोंबड्या-शेळ्या पाळत होती, पण हजेरीपटावर स्वतःचं नाव आणि त्यापुढे स्वतःची मजुरी ही गोष्ट बहुतेकींना नवी होती. पैसा हातात आला, पण तो ठेवायचा कुठे? धान्याच्या कणगीत, देवघरामागे, पदराच्या गाठीत. आणि कमी पडला तर मागायचा कोणाकडे? सावकाराकडे.

सावकारीचा प्रश्न दख्खनला नवा नव्हता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि कर्जाचे दस्त जाळले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी १८६५नंतर ओसरली होती, सारा वाढला होता आणि कर्ज फिटेनासं झालं होतं. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. सावकाराला पर्याय गावकऱ्यांनी स्वतःच उभा करावा, ही त्यामागची कल्पना.

ती कल्पना मुळं धरायला फार वेळ लागला. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली देशभरात ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. तिचा अहवाल १९५४ला आला, तेव्हा शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के होता. बाकी बहुतेक कर्ज सावकार आणि व्यापाऱ्यांचं. त्यानंतर महाराष्ट्रात सहकार झपाट्याने वाढला. साखर कारखाने, जिल्हा बँका आणि विकास सोसायट्यांचं जाळं तयार झालं. १९६९ला चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि बँका तालुक्यांच्या गावी पोचल्या. पण सोसायटीचं कर्ज सातबाऱ्यावर मिळे आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव क्वचित असे. गावातल्या निम्म्या माणसांना सहकार बाहेरूनच पाहावा लागला.

बायकांनी स्वतःची बँक काढण्याची उदाहरणं मात्र डोळ्यांसमोर होती. १९७४ साली अहमदाबादमध्ये इला भट्ट यांच्या सेवा संघटनेतल्या चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून बँक स्थापन केली. त्या भाजीवाल्या होत्या, चिंध्या गोळा करणाऱ्या होत्या, हातगाडी ओढणाऱ्या होत्या. नोंदणीच्या अर्जावर सह्या लागणार म्हणून प्रवर्तक बायका रात्रभर जागून आपलं नाव गिरवायला शिकल्या, असं इला भट्ट यांनी सांगितलं आहे. त्याच वर्षी पुण्यात भगिनी निवेदिता सहकारी बँक सुरू झाली. पुढच्या वर्षी मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना संघटित करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तिथून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. हे सगळं मात्र शहरांत घडत होतं. खेड्यातल्या बायकांची खेड्यात मुख्यालय असलेली बँक अजून व्हायची होती.

चेतना गाला मूळच्या मुंबईच्या, अर्थशास्त्र शिकलेल्या. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाने भारावलेल्या पिढीतल्या. त्याच चळवळीत त्यांची भेट म्हसवडचे शेतकरी कार्यकर्ते विजय सिन्हा यांच्याशी झाली आणि लग्नानंतर त्या म्हसवडला राहायला आल्या. १९९०च्या सुमारास गावागावांत वारं बदलत होतं. महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना तीस टक्के आरक्षण दिलं, १९९३ला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर बाई दिसू लागली. नाबार्डने १९९२ पासून बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली होती.

आणखी एक दार उघडलं होतं, ते रिझर्व्ह बँकेच्या बाजूने. नागरी सहकारी बँकांच्या परवान्यांबाबत मराठे समितीने केलेल्या शिफारशी मान्य करून रिझर्व्ह बँकेने १९९३ पासून नव्या बँकांना मोकळ्या हाताने परवाने द्यायला सुरुवात केली. मागास भागातल्या आणि महिलांनी काढलेल्या बँकांना भांडवलाच्या अटीत सवलत होती. खातं नाकारलेल्या त्या बाईचा प्रश्न दहा वर्षं आधी पुढे आला असता, तर त्याचं उत्तर बहुधा एखाद्या बचत गटापाशीच थांबलं असतं. आता स्वतंत्र बँक मागणं शक्य होतं.

बायका कामाला लागल्या. घरोघर फिरून त्यांनी सभासद केले, भाग विकले, पाच-दहा रुपयांपासून पैसे जमवले आणि काही लाखांचं भागभांडवल उभं केलं. प्रस्ताव तयार करून रिझर्व्ह बँकेकडे धाडला. तो फेटाळला गेला. कारण प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींनी अर्जावर अंगठे उमटवले होते. ज्या बँकेच्या प्रवर्तकांना लिहिता-वाचता येत नाही, तिला परवाना कसा द्यायचा, असा अधिकाऱ्यांचा सवाल होता.

रिझर्व्ह बँकेच्या जागी बसून पाहिलं तर ही शंका निराधार नव्हती. बँक म्हणजे लोकांच्या ठेवींची जबाबदारी. संचालकांनी ताळेबंद वाचायचा, कर्जाच्या प्रकरणांवर निर्णय घ्यायचा, तपासणी अहवालाला उत्तर द्यायचं. ते न वाचणारा संचालक दुसऱ्याच्या हातातलं बाहुलं होऊ शकतो, आणि सहकारात तशी बाहुली महाराष्ट्राने पुष्कळ पाहिली आहेत.

सिन्हा सांगतात की त्या रडवेल्या होऊन म्हसवडला परतल्या, पण बायकांनी त्यांनाच धीर दिला. लिहिता-वाचता येत नाही ना, मग शिकू, एवढाच त्यांचा सरळ हिशेब. दिवसभर शेतात किंवा कामावर राबून बायका संध्याकाळी साक्षरतेच्या वर्गाला बसू लागल्या. पाच महिन्यांनी पुन्हा अर्ज गेला. या वेळी सिन्हा एकट्या गेल्या नाहीत, बायकांचा गट सोबत घेऊन रिझर्व्ह बँकेत गेल्या.

तिथे बायकांनी मांडलेला युक्तिवाद या बँकेच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे. आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, तो दोष आमचा नाही, असं त्या म्हणाल्या. वाचता येत नसलं तरी मोजता येतं. कोणत्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, चुकलं तर परवाना देऊ नका. आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता तेच गणित घाला, बघू कोण आधी सांगतं.

ही नुसती फुशारकी नव्हती. गावाकडे व्याज वर्षाच्या टक्क्यांत कोणी बोलत नाही. ते शेकड्यात बोललं जातं, दरमहा. शेकडा तीन म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये. पाच हजार रुपये शेकडा तीनने सात महिने वापरले तर किती? शंभराच्या पन्नास नोटा, प्रत्येकीला तीन, म्हणजे महिन्याला दीडशे, सात महिन्यांचे एक हजार पन्नास. सावकाराच्या ओट्यावर उभं राहून ज्यांना हे गणित दर हंगामाला करावं लागतं, त्यांना कागद-पेन्सिल लागत नाही. वर्षाचा दर म्हणून पाहिलं तर हेच व्याज छत्तीस टक्के होतं. बँकेच्या कर्जाची गरज का आहे, याचा पुरावाच बायकांनी तोंडी हिशेबातून अधिकाऱ्यांपुढे ठेवला होता.

परवाना मिळाला. १९९७ साली म्हसवडमध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेचं कामकाज सुरू झालं. ग्रामीण बायकांनी ग्रामीण बायकांसाठी काढलेली देशातली पहिली सहकारी बँक अशी तिची ओळख आहे.

सहकारी बँकेची रचना इथे बायकांच्या उपयोगाची ठरली. कर्ज घ्यायचं तर आधी सभासद व्हावं लागतं. बरीच वर्षं नियम असा होता की विनातारण कर्जाच्या पाच टक्के आणि तारणी कर्जाच्या अडीच टक्के इतकी रक्कम बँकेच्या भागांत गुंतवायची. म्हणजे कर्जदार वाढला की भांडवलही वाढतं. आणि भाग कितीही असले तरी सर्वसाधारण सभेत मत एकच. पाच शेळ्यांसाठी कर्ज काढणारी बाई आणि दुकान थाटलेली बाई यांचं मत सारख्याच मोलाचं. त्यामुळे सभासदांनी हरकत घेतली तर संचालक मंडळाला ती ऐकावी लागते. पुढच्या वीस वर्षांत माणदेशी बँक जशी वाढली, तशी ती या हरकतींमुळेच वाढली.

पहिली हरकत वेळेची. बँक उघडते दहा-अकराला, बंद होते संध्याकाळी. मजुरीवर जाणाऱ्या बाईला बँकेत यायचं तर रोजगार बुडवावा लागतो. वीस रुपये भरायला यायचं आणि दिवसाची मजुरी घालवायची, असल्या बचतीत कोणाचं हित? म्हणून बँकेच्या प्रतिनिधी बाया वस्त्या-वाड्यांवर आणि बाजारात जाऊन पैसे जमा करू लागल्या. घरपोच बचत गोळा करण्याची पद्धत भारतात जुनी आहे; कर्नाटकातल्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली दोन आणे रोजावर पिग्मी योजना सुरू केली आणि तिचं नावच पुढे सगळ्या देशात रूढ झालं. माणदेशीने तीच पद्धत शेतमजूर आणि बाजारकरी बायकांच्या कामाच्या वेळा पाहून राबवली.

दुसरी हरकत पासबुकाची. बँकेच्या दृष्टीने पासबुक हा खातेदाराचा हक्क. पण घरी नेलेलं पासबुक नवऱ्याच्या हाती पडलं की शिल्लक किती ते त्याला कळे आणि ते पैसे काढून आणायचा तगादा सुरू होई. बायका म्हणाल्या, पासबुक इथेच ठेवा. पोराची फी, लेकीचं बाळंतपण, दवाखाना यांसाठी ठेवलेला पैसा दारूच्या गुत्त्यात जायचा नसेल, तर तो आहे हेच घरात कळता कामा नये. बँकेने ते मान्य केलं. पुढे पासबुकाऐवजी कार्ड आलं. ते पाहून शिल्लक कळत नाही, म्हणून ते बिनघोर घरी नेता येई.

तिसरी हरकत तंत्रज्ञानाची. व्यवहार डिजिटल करायचे ठरले तेव्हा प्रत्येकीला एक पिन लक्षात ठेवावा लागणार होता. बायकांनी साफ नकार दिला. पिन घरातलं कोणीही चोरून पाहील किंवा दमदाटी करून विचारून घेईल. त्यापेक्षा अंगठा घ्या, तो कोणाला चोरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. बँकेने बोटांच्या ठशांवर चालणारी व्यवस्था आणली. ज्या अंगठ्यांमुळे पहिला अर्ज फेटाळला गेला होता, तेच आता खात्याची किल्ली झाले होते. आधार क्रमांकावर आधारलेले बँकव्यवहार देशभर रुळण्याच्या आधी ही मागणी माणच्या बायकांनी स्वतःच्या अनुभवातून केली होती.

चौथी गोष्ट तारणाची. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, घरही त्याच्या नावावर. बाईकडे गहाण ठेवायला असतं ते मंगळसूत्र, डोरलं, चार पाटल्या. दागिना ठेवून कर्ज हा म्हणूनच तिच्या हक्काचा मार्ग. त्याच्या जोडीला छोटी विनातारण कर्जं आली, शेळ्या, म्हैस, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, भाजीचा धंदा यांसाठी. घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लागावं म्हणून माणदेशीने मोहीम चालवली.

आठवडे बाजारातल्या भाजीवालीची गरज यापेक्षा वेगळी असते. सकाळी माल उचलायला तिला हजारभर रुपये लागतात आणि संध्याकाळी ते सुटतात. देशभरच्या बाजारांत अशा बायकांना पैसे देणारे असतात. सकाळी नऊशे हातावर टेकवायचे आणि दिवस मावळताना हजार घ्यायचे. एका दिवसाचं व्याज अकरा टक्क्यांच्या वर. व्यापाऱ्याला बँक जशी कॅश क्रेडिट देते, म्हणजे लागेल तेव्हा उचलायचं आणि जमेल तसं भरायचं, तीच सोय भाजीवालीला मिळाली तर तिचे रोजचे शंभर रुपये घरी जातात. माणदेशीने बाजारकरी बायकांसाठी तशी कर्जं सुरू केली. वर्षाला एक मोठं कर्ज देऊन मासिक हप्ते बांधून देण्यापेक्षा हे बँकेला कटकटीचं असतं, कारण नोंदी वाढतात आणि माणसं जास्त लागतात. पण बायकांचा धंदा बाजाराच्या दिवसावर चालतो, कॅलेंडरच्या महिन्यावर नाही.

पैसा मिळाला म्हणजे धंदा जमला असं होत नाही, हेही लवकरच कळलं. कोणी उधारी बुडवली, कोणाचा माल पडून राहिला, कोणाला किंमत किती लावायची ते उमगलं नाही. १९९६ पासून काम करणाऱ्या माणदेशी फाउंडेशनने २००६च्या सुमारास बायकांसाठी उद्योगाचं शिक्षण सुरू केलं आणि एचएसबीसी बँकेने त्याला मदत केली. जिथे बायका येऊ शकत नाहीत तिथे वर्ग न्यायचे म्हणून एका बसमध्येच शाळा थाटली गेली. शिवण, संगणक, हिशेब ठेवणं, शेळ्यांचं कृत्रिम रेतन असे अभ्यासक्रम होते. शेळीच्या आजारावर आणि पैदाशीवर काम करणाऱ्या प्रशिक्षित बायका गावोगाव फिरू लागल्या आणि लोक त्यांना शेळीच्या डॉक्टर म्हणू लागले. मुलींच्या शाळेच्या वाटा लांब आहेत म्हणून सायकलींची योजना आली. २००८ साली माणदेशी तरंग वाहिनी हे समुदाय रेडिओ केंद्र सुरू झालं. त्यावर माणदेशी बोलीत शेतीची, आरोग्याची माहिती आणि बायकांची गाणी ऐकू येऊ लागली.

बँक म्हसवडपुरती राहिली नाही. माण आणि खटाव तालुक्यांतल्या गावांतून ती जिल्ह्यात इतरत्र गेली आणि पुढे पुणे व नवी मुंबईपर्यंत पोचली. गाव सोडून शहरात पोटाला गेलेल्या कुटुंबांची वाट जिकडे, तिकडेच बँकही गेली.

सगळ्यात अवघड परीक्षा मात्र पावसाने घेतली. २०१२-१३च्या दुष्काळात माण तालुका होरपळला. विहिरी आटल्या, कडबा मिळेना. एक बाई दागिने घेऊन बँकेत आली. कशासाठी कर्ज? तर जनावरांच्या चाऱ्यासाठी. दावणीची जनावरं कसायाला विकायची नव्हती आणि चारा विकत घ्यायला पैसे नव्हते. तिने सिन्हा यांना विचारलं की तुम्ही बायकांना धंदा शिकवता, पण पाणीच नसेल तर बायका धंदा कशावर करणार? आता दागिना ठेवून घेऊन पैसे दिले असते, तरी ते चाऱ्यात संपले असते आणि कर्ज अंगावर राहिलं असतं. सिन्हा दांपत्याने म्हसवडला चारा छावणी उघडली. हजारो जनावरं आणि त्यांच्यामागे आलेली कुटुंबं तिथे राहिली. चारा, पाणी, शेणाचा उठाव, जनावरांची औषधं हे सगळं बघत बँकेच्या आणि फाउंडेशनच्या माणसांनी तो दुष्काळ काढला. त्यानंतर माणगंगेच्या खोऱ्यात बंधारे बांधण्याचं काम हाती घेतलं गेलं. ज्या भागात कर्जाची परतफेड पावसावर ठरते, तिथे पाण्याचं काम करणं बँकेच्या हिताचंही होतं.

याच काळात आजूबाजूला काय चाललं होतं ते पाहिल्याशिवाय या छोट्या बँकेचं मोल कळत नाही. १९९३ नंतर खुल्या हाताने परवाने मिळालेल्या शेकडो नागरी बँकांपैकी जवळपास एक तृतीयांश बँका काही वर्षांतच डबघाईला आल्या. मार्च २००१मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक शेअर दलालाला दिलेल्या कर्जांमुळे कोसळली आणि तिच्यात ठेवी ठेवलेल्या इतर सहकारी बँकाही अडचणीत आल्या. परवान्यांचं दार पुन्हा बंद झालं. मार्च २००४मध्ये देशात १,९२६ नागरी सहकारी बँका होत्या. विलीनीकरणं आणि परवाने रद्द होण्यामुळे वीस वर्षांत ही संख्या १,५००च्या आत आली. सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते आणि मुंबईच्या रस्त्यांवर लोक रडत होते.

या बँका बुडाल्या त्या गरिबांना छोटी कर्जं दिल्यामुळे नव्हे. एका बिल्डरला, एका दलालाला, संचालकांच्या गोतावळ्याला दिलेली मोठी कर्जं थकली म्हणून त्या बुडाल्या. सभासद हजारो असूनही वार्षिक सभेत उभं राहून प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या बाजूला खासगी मायक्रोफायनान्स कंपन्यांची लाट आली होती. त्याही गरीब बायकांनाच कर्ज देत होत्या, गट करून, आठवड्याच्या हप्त्यावर. पण त्यांना ठेवी घेण्याची परवानगी नव्हती. पैसा बाहेरून, महाग दराने यायचा आणि कर्ज जितकं जास्त वाटलं जाईल तितका गुंतवणूकदार खूश. २०१०मध्ये आंध्र प्रदेशात एकेका बाईवर चार-चार कंपन्यांचं कर्ज, वसुलीचा जाच आणि आत्महत्यांच्या बातम्या यांनी परिस्थिती इतकी चिघळली की त्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. म्हसवडची सुरुवात बचतीपासून झाली होती. ज्या बाईची ठेव आपल्याकडे आहे तिची रोजची मिळकत बँकेला ठाऊक असते, आणि जिचा स्वतःचा पैसा बँकेत आहे तिला बँक बुडू नये असं वाटतं. हा फरक छोटा दिसतो, पण दोन्हीकडच्या निष्पत्तीतलं अंतर त्यातून आलं.

माणदेशी बँकेने माणचं दारिद्र्य संपवलं, असं म्हणता येणार नाही. दुष्काळ २०१८-१९लाही आला आणि पुन्हा छावणी उघडावी लागली. बाईच्या नावावर काढलेलं कर्ज घरातला पुरुष वापरतो, हा धोका कोणत्याही महिला बँकेला पूर्ण टाळता आलेला नाही. साखरेच्या आणि जिल्हा बँकेच्या राजकारणात फिरणाऱ्या रकमांपुढे या बँकेचा व्यवहार लहान आहे. तिचा परिणाम शोधायचा तर तो दुसरीकडे शोधावा लागतो. जानेवारी २०१८मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेचं सहअध्यक्षपद सात बायकांकडे होतं, त्यांत चेतना सिन्हा होत्या, आणि बायकांच्या छोट्या उद्योगांत गुंतवणूक करण्यासाठी शंभर कोटींचा निधी उभारण्याची घोषणा त्यांनी तिथे केली. निरक्षर सभासदांनी मागितलेला अंगठा, घरी न नेलेलं पासबुक आणि बाजारच्या दिवसाचं कर्ज हे विषय जागतिक व्यासपीठावर धोरण म्हणून मांडले गेले.

२०१४च्या जनधन योजनेने मूळ प्रश्नाचा एक भाग सोडवला. शून्य शिलकीचं खातं आता कोणतीही बँक कोणालाही नाकारू शकत नाही, आणि २०१६ नंतर आलेल्या यूपीआयमुळे भाजीवालीच्या टोपलीवरही क्यूआर कोड लागला. पण खातं मिळणं वेगळं आणि कर्ज मिळणं वेगळं. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला धंद्यासाठी पन्नास हजार देताना मोठी बँक आजही कागद मागते, आणि कागद नसला की ती बाई मायक्रोफायनान्सच्या आठवडी हप्त्याकडे वळते. माणदेशीसारख्या बँकेची जागा या फटीत आहे.

नियम मात्र कडक होत आहेत. २०२०च्या कायदेदुरुस्तीने सहकारी बँकांवरचा रिझर्व्ह बँकेचा अधिकार वाढला. २०२२ पासून नागरी बँकांची ठेवींनुसार चार स्तरांत विभागणी झाली आणि किमान नक्तमूल्याची अट आली: एकाच जिल्ह्यात काम करणाऱ्या सर्वांत लहान बँकांना दोन कोटी, इतरांना पाच कोटी रुपये. सायबर सुरक्षा, संगणक प्रणाली आणि व्यावसायिक व्यवस्थापन यांचा खर्च लहान बँकेलाही चुकत नाही. ठेवीदाराच्या दृष्टीने हे सगळं योग्यच आहे. २०२०पासून ठेवींचा विमाही एक लाखावरून पाच लाखांवर गेला आहे. पण वीस रुपये गोळा करायला वस्तीवर माणूस पाठवायचा खर्च आणि या नव्या अटींचा खर्च एकाच नफ्यातून भागवायचा आहे. वस्तीवरची फेरी कमी केली तर आकडे सुधारतील आणि सभासद दुरावतील. ती चालू ठेवायची तर भांडवल वाढवावं लागेल, म्हणजे सभासद बायकांनाच आणखी भाग घ्यायला सांगावं लागेल. या बँकेत असा निर्णय वार्षिक सभेसमोर जातो, आणि त्या सभेत व्याजाचं गणित तोंडी करणाऱ्या बायका आणि संगणक शिकलेल्या त्यांच्या लेकी-सुना प्रत्येकी एका मताच्या मालक असतात.